शेततळ्याचा दोर

पोहता येणारा माणूसही शेततळ्यात बुडतो, हे आमच्याकडं पटवून द्यायचं म्हणजे डोकं फिरायची पाळी. मी गावची आशा कार्यकर्ती. बाळंतपणं, लशी, गोळ्या हे माझं काम. त्यात शेजारच्या शिवारात एक बाई कळशी भरताना तळ्यात बुडून गेली, आणि आरोग्य केंद्रानं आम्हाला तळ्यांना दोर लावायचं हेही काम दिलं. तळ्याला आतून काळं प्लॅस्टिक, त्यावर शेवाळ. पाय ठरत नाही, धरायला काही नाही. माणूस काठापर्यंत येतो आणि परत आत घसरतो. म्हणून हातहातभर अंतरावर गाठी मारलेला दोर आत सोडायचा आणि वरचं टोक कुंपणाच्या लोखंडी अँगलला बांधायचं. एवढं साधं.

पण नवाकोरा नायलॉनचा दोर नुसता पाण्यात पडून राहिलेला आमच्या माणसांना बघवत नाही. सोमवारी बांधला की शुक्रवारी तो कडब्याच्या ट्रॉलीवर, नाहीतर म्हशीच्या गळ्यात. निमोण्याच्या एका गोठ्यात मी माझ्याच हातच्या गाठी ओळखल्या आणि मालकाला असं झापलं, की तो म्हणाला, ताई, संध्याकाळी बांधतो परत, आता धार तरी काढू द्या.

घरी आप्पा, म्हणजे माझे सासरे, माझी मजा घ्यायचे. आम्ही विहिरीत मुटका मारलेली माणसं, आम्हाला कसला दोर दाखवतेस, म्हणायचे. पण आमच्या तळ्यावरचा दोर त्यांनी कधी सोडला नाही. सुनेनं बांधलाय म्हणून.

तो सोडला मी.

त्या दिवशी राहिलेल्या तळ्यांचे फोटो व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकायचे होते आणि माझ्याकडचे दोर संपले होते. दोन तळी उरलेली. मनात म्हटलं, आपला दोर न्यावा, तिथं बांधून फोटो काढावा, दुपारी परत लावावा. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी मी, अँगलची गाठ सोडून दोर पिशवीत कोंबला. आप्पा ओट्यावर चहा पीत होते. त्यांनी पाहिलं आणि फक्त लवकर ये म्हणाले.

साडेअकराला मोटार पाणी सोडेना. आप्पांनी मोटार दुरुस्त करणाऱ्या चाचांना फोन केला, आणि ते येईपर्यंत पाइपाला काय झालंय बघू म्हणून स्वतःच काठावर वाकले. पाय घसरला. पोहायला येत होतं, म्हणून तरंगले. पाण्यावर पाइप धरून ठेवायला बांधलेला रिकामा कॅन होता, त्याला धरून राहिले. चार वेळा काठाला आले, चार वेळा खाली गेले. वय सत्तरीच्या पुढं. हात गळायला लागले.

आत्या, माझी सासू, शेजारच्या वावरात घास कापत होती. हाक ऐकून पळत आली. तिनं आधी दोर पाहिला. दोर नव्हता. मग तिनं नेसतं लुगडं सोडलं. माणसांसमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू न दिलेली बाई ती. नऊवारीच्या आत परकर नसतो. एक टोक अँगलला बांधलं, दुसरं आप्पांकडं फेकलं. आप्पांनी ते मनगटाला गुंडाळलं, पण ओढायला तिची ताकद पुरेना.

तेवढ्यात चाचांची गाडी आली. चाचांनी दुरूनच अंगातला शर्ट काढून बांधावर ठेवला आणि पाठ फिरवली. पाठमोरेच मागं आले, लुगडं खांद्यावरून घेतलं आणि मोटेच्या बैलासारखे पुढं चालत राहिले. आप्पा वर येऊन खोकेपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. हे त्यांनीच मला सांगितलं, तेही खाली बघत.

मी पोचले तेव्हा आत्या चाचांचा शर्ट कमरेला गुंडाळून घासात बसली होती, आणि आप्पांच्या दाताचा दातावर ठेका चालला होता. माझ्या काखेतल्या पिशवीत दोर. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी आत्यानं विचारलं, दोर कुणी सोडला? मी चुलीत लाकूड सारलं. आप्पा म्हणाले, "म्या सोडला. वासरू बांधाया."

मग काय, आत्यानं त्यांना धारेवर धरलं. महिनाभर. जेवताना वासरू, झोपताना वासरू, पाव्हण्यांसमोर वासरू. आप्पा मान खाली घालून ऐकून घ्यायचे आणि मी स्वयंपाकघरात भाकरी करपवायची.

शेवटी मला राहवेना. एका दुपारी आत्या अंगणात तेच लुगडं उभं फाडून त्याच्या पट्ट्या करत होती. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. आत्या, दोर मी नेला होता. फोटोसाठी. बोलताना रडू आवरेना.

आत्याचे हात थांबले नाहीत. "ठाव हाय मला," ती म्हणाली. "वासरू आपन तळेगावच्या बाजारात इकलं, त्याला किती दिस झालं? दावणीला हाय कुठं वासरू?"

"मग आप्पांना कशाला बोलत होतात एवढं?"

"तुला बोलले असते तर तू काम सोडलं असतंस." तिनं पट्टीचं टोक माझ्या हातात दिलं. "धर. घट्ट वळ. आन् ह्यो कुठं न्यायचा न्हाई."

आम्ही दोघींनी तिपेडी दोर वळला, हातहातभर अंतरावर गाठी मारल्या. हिरवं लुगडं होतं, काठ लाल. आजही आमच्या तळ्यात तोच आहे. आता मी कुठल्याही वस्तीवर मीटिंगला बसले, की तळ्यावरचा दोर कुणी नेला हे विचारत नाही. आधी सांगते की मी नेला होता, आणि माझे सासरे पाण्यात होते.