पिवळ्या शर्टाची परीक्षा

दिल्लीत मराठी बोलण्याचा एक मोठा फायदा आम्हा दोघींना पहिल्याच आठवड्यात कळला. कुणाचीही निंदा त्याच्या तोंडावर करता येते, आणि तो उलट आपल्याकडे बघून हसतो.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि नोएडात रोज एखादी नवी कंपनी उघडत होती. मी पुण्याची, मैत्रीण सांगलीची. दोघी एकाच ऑफिसात, आणि मयूर विहारमधल्या एका सोसायटीत एक खोली मिळून घेतलेली. मेट्रो नव्हती, चार्टर्ड बस होती. महिन्याचा पास, आणि कुणी न ठरवताही ठरून गेलेल्या जागा. आम्ही डावीकडे चौथ्या रांगेत. आमच्या बरोबर पुढे तो.

कुठल्याशा कारखान्यात इंजिनिअर असावा. कंडक्टरशी "अरे यार, थोड़ा आगे बढ़वाओ ना सबको" असं अस्सल दिल्लीकराच्या थाटात बोलायचा, त्यामुळे आम्ही निर्धास्त. पाऊण तास समोर त्याची मान दिसायची. दुसरं बघायला काही नव्हतं, म्हणून तिचं समालोचन सुरू झालं.

"अगं, तेलाची अख्खी बाटली ओतलीय डोक्यावर."

"आणि काळ्या बुटांत पांढरे मोजे! शाळेच्या कवायतीला निघालाय वाटतं."

"नाक बरंय पण."

"मिशी काढली तर दिसेल तरी ते नाक."

महिन्याभराने मैत्रीण म्हणाली, "हा दिवसेंदिवस बरा दिसायला लागलाय का गं?"

मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं आणि ते कुणालातरी ऐकवायची संधीच शोधत होते. मी तिला समजावलं, की एकच चेहरा रोज बघितला की तो ओळखीचा होतो, आणि ओळखीचं ते माणसाला आवडायला लागतं. तेव्हा तो बदललेला नाही, तुझे डोळे बदललेत. तिला पटलं. मलाही पटलं होतं, पण पुढच्या सोमवारी तो मिशी काढून आला. तेल आणि पांढरे मोजे आधीच गेले होते. नुसतं बघून कुणाची मिशी उडत नाही, एवढं मानसशास्त्र मला येत होतं.

मैत्रिणीला मी काही बोलले नाही. फक्त दुसऱ्या दिवशी जरा मोठ्याने म्हणाले, "याला ना, पिवळा शर्ट शोभेल. एकदम लिंबासारखा पिवळा."

"शी! काहीतरीच काय?" मैत्रीण म्हणाली.

शुक्रवारी तो लिंबासारखा पिवळा शर्ट घालून आला. सगळी बस त्याच्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर तोंड करून रुमाल दातात धरला.

तिथेच थांबायला हवं होतं. पण इतकी आज्ञाधारक मान मला आयुष्यात पुन्हा कुठे मिळणार होती? पुढचे दोन आठवडे मी त्याला रोज थोडाथोडा घडवत होते. मैत्रीण मात्र शेजारी बसून नेहमीसारखी मन मोकळं करत होती. साहेबांवर जडलेला जीव, नाकारलेलं दाताच्या डॉक्टरचं स्थळ, बाथरूममध्ये नळ सोडून रडलेली ती सकाळ. मी तिला अडवलं नाही. अडवलं असतं तर खेळ संपला असता.

मग एक दिवस मी म्हणाले, "माझं लग्न ठरतंय बहुतेक. मुलगा अमेरिकेत असतो."

"काय? आणि मला आत्ता सांगतेस?"

मी तिला चिमटा काढला. मला फक्त समोरचे कान बघायचे होते. ते लालबुंद झाले. मी खूश.

दुसऱ्या दिवशी ती सीट रिकामी होती. तिसऱ्या दिवशी तिथे मांडीवर डबा घेतलेले एक जाडजूड गृहस्थ होते. मी स्वतःला समजावलं, की ही सवय आहे, सवय मोडली की असं होतं. पण प्रत्येक स्टॉपला चढणाऱ्यांकडे मी मान उंचावून बघतच होते.

पाचव्या दिवशी तो आला आणि सरळ मागे, पत्ते खेळणाऱ्यांत जाऊन बसला. मी उठले, त्याच्याजवळ जाऊन दांडा धरून उभी राहिले आणि तिथून मैत्रिणीला ओरडून सांगितलं, "अगं, ते अमेरिकेचं खोटं होतं!"

ती माझ्याकडे वेड लागल्यासारखी बघत राहिली. हातातल्या पत्त्यांवरची नजर न काढता तो म्हणाला, "मग मिशी परत ठेवू की राहू दे?"

चक्क मराठीत. घराणं ग्वाल्हेरचं, कैक पिढ्यांपासून तिकडचं. "मी पहिल्याच दिवशी बोलणार होतो," तो म्हणाला, "पण आपण तेलाचं काढलंत, मग लाज वाटली."

मी हसत होते. मैत्रीण बोटांवर काहीतरी मोजत होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?" तिने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "पिवळ्या शर्टापासून," मी म्हणाले.

ती पुढच्याच स्टॉपला उतरून चालत ऑफिसला गेली. त्यानंतर आठ दिवस ती माझ्याशी फक्त हिंदीत बोलली. "दूध ले आना." "चाबी रख दी है।" त्या खोलीत मला इतकं परकं कधीच वाटलं नव्हतं.

नवव्या दिवशी तिने अट घातली: "त्याला रविवारी बोलाव. माझं जितकं ऐकलंय, तितकं स्वतःचं सांगू दे."

तो गजकचा, म्हणजे तिकडच्या तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन आला आणि वेताच्या मोड्यावर आरोपीसारखा बसला. दहावीत नापास झालेला. पालीला घाबरतो. कॉलेजात एका मुलीला पत्र लिहिलं, तर तिच्या भावाने त्यातलं शुद्धलेखन तपासून ते परत पाठवलं. आम्ही दोघी हसून लोळत होतो. मग तो म्हणाला, की घरात त्याच्याशी मराठी बोलणारी फक्त आई होती, आणि ती जाऊन दोन वर्षं झाली. "कानावर मराठी पडायची ती बसमध्येच. मग शिव्या तर शिव्या."

मैत्रीण "बास" म्हणाली आणि चहा टाकायला उठली. मी त्याच्याकडे बघत बसले. तेव्हा मात्र मला कुठलाही सिद्धांत आठवला नाही.

वर्षभराने आम्ही लग्न केलं. मैत्रिणीने त्याला त्या रविवारीच माफ केलं होतं. मला माफ करायला तिने दिवाळीपर्यंत वेळ घेतला, आणि तिचं बरोबरच होतं.