वहीतली दोन शून्यं

मंडळी, आज पुतणीनं माझी चोरी पकडली, आणि तिला ते माहीतही नव्हतं!

ही पुतणी, शीतल, आमच्या डोंगरकडा गावची. सध्या संशोधन करणाऱ्या जहाजावर आहे. समुद्राचं तापमान, वारा, हवेचा दाब मोजून पाठवते. त्यावरून हवामानाचा अंदाज बांधतात.

सकाळी व्हिडिओ कॉलवर तिनं नोंदी दाखवल्या. मधला एक रकाना कोरा होता.

"हे काहून रिकामं?"

"काका, लाटा लई होत्या. मोजता आलं न्हाई."

"मंग अंदाजानं टाकायचा की एखादा आकडा!"

"अन् त्याच्यावर भरवसा ठेवून कोणी नाव समुद्रात घातली तर?"

मी इथं शाळेत शिकवतो. मैदानातला पर्जन्यमापक रोज मीच बघतो आणि पावसाचा आकडा वहीत लिहितो. मागच्या आठवड्यात दोन दिवस लग्नासाठी पुसेगावला होतो. आल्यावर वहीत दोन शून्यं टाकून मोकळा झालो. पाऊस झाला का, हे कुणाला विचारलंसुद्धा नाही.

फोन ठेवून तडक शाळेत गेलो. शून्यांवर रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'मोजलं नाही'. फोटो शीतलला पाठवला.

तिचं उत्तर आलं: "काका, आता तुमच्या बाकीच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येईल."

तुमच्या वहीत आहे का असं एखादं शून्य?