आईचा गुडघा आणि दाराजवळची सीट

कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग यंत्रांचे सुटे भाग विकण्याच्या कामाने गेली चौदा वर्षं मी महिन्यातून एकदा तरी अहमदाबादला जातो. आदिलाबादहून गाडीने चार तास नागपूर, तिथून विमान. प्रत्येक प्रवासाची नोंद वहीत ठेवतो: किती मिनिटं उशीर, खायला काय दिलं, गुडघा आणि पुढची सीट यांत किती बोटं जागा. सुरुवातीला सात बोटं बसायची. आता चार बसतात.

वर्षातून एकदा आई सोबत असते. बहीण तिकडे दिलेली. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तिचं माहेरी येणं थांबलं; तेव्हापासून आईच जाते. आईचा उजवा गुडघा ऑपरेशननंतर नीट वाकत नाही.

पहिल्या काही वर्षांत काउंटरवर तो गुडघा दाखवला की पहिल्या रांगेतली सीट नुसती मागितली तरी मिळायची. लिमलेटच्या गोळ्यांचा ट्रे फिरायचा, गरम जेवण यायचं. आमच्याकडे वाढणारीला विचारल्याशिवाय घास घेत नाहीत. आईने पहिल्याच खेपेला ट्रे ठेवणाऱ्या मुलीला विचारलं, "बेटी, तू खाई क्या?" आणि डब्यातली अर्धी भाकर चटणीसकट तिच्या हातावर ठेवली. मुलगी पडद्यामागे गेली. परत येऊन म्हणाली, "अम्मा, मिरची बहुत है." आईचं विमानाबद्दलचं मत तेव्हाच चांगलं झालं.

पुढे एकेक गोष्ट कमी होत गेली. आधी गोळ्या, मग जेवण, मग नुसती मागितली की मिळणारी सीट. मागच्या वर्षी विमान अडीच तास उशिरा सुटलं, उतरल्यावर व्हीलचेअरला चाळीस मिनिटं लागली आणि आईचा पाय चार दिवस सुजून राहिला. म्हणून यंदा मी वही उघडली, सगळे आकडे तिला वाचून दाखवले आणि म्हणालो, "आई, आता तू नको येऊ."

तिने शेवटपर्यंत ऐकलं. "इतलं लिवलं तू. पोरगी तिकडं वाट पाहून राह्यली, ते कुटं लिवलं?"

"पाय किती सुजला होता, आठवतं ना?"

"पाय माहा हाय. तुले काऊन जड झाला?"

मग मी ह्या खेपेला सगळ्यात जास्त जागेची सीट शोधली. आपत्कालीन दाराजवळची रांग. पैसे भरून दोन सीटा घेतल्या. प्रत्येक कागद वाचून सही करणारा मी, पण जागा मिळाल्याच्या आनंदात खालची सूचना न वाचताच पुढे गेलो.

विमानात आई त्या रांगेपाशी पोचली आणि हवाई सुंदरीने हात आडवा केला. चालायला मदत लागणाऱ्यांना ह्या रांगेत बसता येत नाही. "सर, आप तो हमेशा आते हैं. ये नहीं मालूम?"

मालूम नव्हतं. विमान भरलेलं, मागे लोक खोळंबलेले, आई सीटची पाठ धरून एका पायावर भार देऊन उभी. हिला इथूनच परत न्यावं लागतं की काय, असं मला वाटलं.

त्या मुलीने दोन रांगा मागे बसलेल्या दोन तरुणांना विचारून त्यांना दाराजवळ पाठवलं आणि त्यांच्या जागी वाटेकडच्या सीटवर आईला, शेजारी मला बसवलं. "अम्मा, उड़ने तक मोड़के रखिए. फिर मैं आती हूँ." आईने ओठ मिटून जमेल तेवढा पाय आत घेतला. पट्ट्यांचा दिवा विझताच मुलगी खरंच आली आणि पाय वाटेत सरळ करून दिला. नंतर विक्रीची गाडी ढकलताना आईपाशी आली की ती थांबायची, खाली बसायची, दोन्ही हातांनी पाय आत सरकवायची, गाडी पुढे गेली की पुन्हा बाहेर काढून द्यायची. कोणी वाटेतून जाणार असलं तरी तेच. मी मोजत होतो. नऊ वेळा.

आईने डबा उघडला. "बेटी, खाई क्या तू?"

"ड्यूटी में मना है, अम्मा."

मला आईसाठी वाईट वाटलं. पण ती त्या मुलीकडेच बघत होती. "तिचे डोये पाह्य. सकायपासून उपाशी हाय ते. मना हाय त काय करन बिचारी?"

अहमदाबादला विमानतळाबाहेर कठड्यापाशी बहीण उभी होती. आई व्हीलचेअरमधून उठली. बहिणीची नजर आधी पायाकडे गेली.

"नाई सुजला," आई म्हणाली. "दाबून पाह्य."

येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मधोमध बहीण खाली बसली, आईच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला नाही. तरी तिने दुसरीकडे दाबून पाहिलं, मग तिसरीकडे. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला हवं तितका वेळ दाबू दिलं.