शुक्रवारची छाती

"चूल फुंकता येते ना? मग तशीच फुंक. जोरात. मला दिवसभर इथंच बसायचं नाही."

साहेब माझ्या आईला म्हणाले. आम्ही बंजारा तांड्यातले, आईला याडी म्हणतो. याडी कापसाच्या जिनिंगच्या गोदामात प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. तोंडात पुठ्ठ्याची नळी, नाकाला चिमटा. समोर टेबलावर एक यंत्र. नळीत सगळा श्वास सोडायचा, की छातीत किती दम उरलाय ते यंत्र सांगतं. याडीनं फुंकलं. अर्ध्यातच खोकला आला. थुंकी टेबलावर उडाली.

यंत्र सांभाळणारा माणूस खुर्ची मागे सारून उठला. "सब खराब कर दिया." त्यानं नळी दोन बोटांत धरून बादलीत टाकली आणि एक ओला फडका याडीच्या मांडीवर टाकला. "पोछ."

टेबल तिनंच पुसलं. नाकाचा चिमटा काढायचं तिला सुचलं नाही, तशीच पुसत राहिली. रांगेतले रुईच्या गठाणी उचलणारे गडी हसले.

"मनापासून करत नाही ही," साहेब मला म्हणाले. "या लोकांना फक्त कामातून सुटका पाहिजे असते."

मी शेजारीच उभी होते. मी तिची मुलगी आहे, हे साहेबांना ठाऊक होतं.

कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या देशपातळीवरच्या एका संस्थेतून ते आले होते. आमच्या दिग्रस भागात जिनिंग पुष्कळ. दिवाळीनंतर कापूस येतो, उन्हाळ्यापर्यंत मशीन चालतात, सरकी एकीकडे आणि रुई एकीकडे होते. त्या शेडमध्ये हवा दिसते. खरंच दिसते. पांढरी, बारीक, तरंगणारी. संध्याकाळी याडी घरी यायची तेव्हा तिच्या भुवया, पापण्या, कानातली लव, सगळं पांढरं असायचं. लहानपणी मला ते आवडायचं. मी तिच्या पापण्यांवरची रुई फुंकून उडवायचे.

तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. तांड्यातल्या मुलींत कॉलेजात जाणारी मी पहिली. फारशी बोलायची नाही, पुस्तकात डोकं. पण साहेबांना माझी गरज पडली. तांड्यातल्या वयस्क बाया परक्या माणसापुढं आमच्या गोरबोलीशिवाय तोंड उघडत नसत, आणि माझ्याशिवाय त्या आल्याही नसत्या. मी घरोघर गेले. "मोठ्या संस्थेचे लोक आहेत. तपासतील आणि काय निघालं ते आपल्याला सांगतील." साहेबांनी मला हेच सांगितलं होतं. मला ते खरं वाटलं. संस्थेच्या नावात 'राष्ट्रीय' होतं. ज्या देशाबद्दल मी पुस्तकात वाचलं होतं, तो देश आमच्या शेडमध्ये याडीची छाती बघायला आला, असं मला वाटलं. हसू नये. मी वीस वर्षांची होते.

फुंकून झालं की प्रश्न होते. साहेब विचारत, मी गोरबोलीत सांगत असे. त्यातला एक होता, सोमवारी कामावर आल्यावर छाती जड होते का?

याडी म्हणाली, नाही. तिच्या पुढची म्हणाली, नाही. त्यांच्यामागं शांताकाकू होती. शांताकाकू तांड्यातली नव्हे, गावातली, शेतकऱ्याच्या घरची. याडीच्या शेजारच्या मशीनवर कापूस टाकायची. तिला भाषा सांगायची गरजच नव्हती. "सोमवारी नाही बा," ती म्हणाली. "शुक्कुरवारी होते."

साहेब पुढच्या प्रश्नावर गेले.

मी म्हणाले, "सर, आमच्या जिनिंगला सुट्टी गुरुवारी असते. बाजार असतो त्या दिवशी. त्रास सगळ्यांना शुक्रवारीच होतो. शुक्रवारचं विचारू का?"

साहेबांनी मान वर केली नाही. "तू भाषा सांग. डॉक्टरकी आम्ही करतो."

यंत्रवाला हसला. मग दिवसभर मी सोमवारचं विचारत राहिले आणि बाया नाही म्हणत राहिल्या. दर वेळी शुक्रवार माझ्या तोंडाशी येत होता. दुपारनंतर मी आणखी एकदा म्हटलं. तेव्हा साहेबांनी फक्त हात वर केला, रहदारीचा पोलीस करतो तसा.

ते गेले. त्यांच्याकडून काहीच कळलं नाही. पावसाळा गेला, पुन्हा कापूस आला. याडी अधूनमधून विचारायची, "तुझे साहेब काही बोलले का?" माझे साहेब.

उत्तर आलं नाही, म्हणून बायांनी आपलं उत्तर आपणच काढलं. त्रास शुक्रवारी होतो. शुक्रवारच्या आधी गुरुवार, म्हणजे सुट्टी. म्हणजे सुट्टीच मानवत नाही. शांताकाकू हसत म्हणायची, "आपल्या अंगाले आराम पचत नाही वं. एक दिवस बसलं का छाती रुसते." सगळ्या हसायच्या. याडी हसली नाही. तिनं ते मनावर घेतलं. मला म्हणाली, "बसलं की दुसऱ्या दिवशी छाती बांधते. मग बसावंच कायले?"

आणि तिनं सुट्टी सोडली. गुरुवारी मशीन बंद, पण शेडची झाडझूड असते. कोपऱ्याकोपऱ्यात बसलेली आठवड्याची रुई त्या दिवशी झाडूनं उठते. त्या धुरळ्यात ती दर गुरुवारी जाऊ लागली. औषध म्हणून. मॅनेजर खूश होता. तिचं पाहून आणखी बाया जाऊ लागल्या.

दोन हंगामांत तिला शेडचा जिना चढवेना. तिनं मॅनेजरला मशीनपासून दूरचं काम मागितलं. मी सोबत होते. तो म्हणाला, "एवढ्या मोठ्या लोकायनं तपासलं तुम्हाले. काहीच नाही निघालं. आमाले कळवलं त्यायनं. आता नाटकं कायले करता?"

याडीनं माझ्याकडं पाहिलं. बायांना गोळा करून मी आणलं होतं. सांगतील म्हणून मी सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं होतंच, पण मालकाला.

त्या संध्याकाळी मी साहेबांना फोन केला. ते नीट बोलले. सभ्य आवाज. "हे बघ, उपचार करणं आमचं काम नाही. संशोधन आमचं काम. आणि कापसाच्या धुळीचा तो आजार असता, तर बायांनी सोमवारी त्रास होतो म्हणून सांगितलं असतं. एकीनंही सांगितलं नाही. तुझी आईच नाही म्हणाली."

"सोमवारीच कशावरून, सर?"

"सुट्टीनंतरचा पहिला दिवस असतो ना तो. एक दिवस धुळीपासून लांब राहिलं आणि परत धुळीत गेलं की छाती आवळते. तीच खूण आहे त्या आजाराची."

मी अंगणात उभी होते. आत याडी खोकत होती.

"सर, आमची सुट्टी गुरुवारी असते. मी तेव्हाच म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं."

ते म्हणाले, "आता ते बदलता येणार नाही. काम पूर्ण झालं."

मी घरात गेले. याडीला सगळं सांगितलं. सुट्टीनं छाती भरत नाही, रुईनं भरते. ती उशीला टेकून बसली होती. बराच वेळ दम गोळा करत राहिली. मग एवढंच म्हणाली, "मग मी बसली असती."

तिच्या आयुष्यातले सगळे गुरुवार त्या एका वाक्यात होते.

संक्रांतीच्या आधी ती गेली.

आता मी आश्रमशाळेत शिकवते. यंदाच्या हंगामात साहेबांचा फोन आला. तोच सभ्य आवाज. पथक पुन्हा येणार होतं. तेच कामगार, तीच तपासणी, काही फरक पडला का ते बघायला. "तू आमची जुनी माणूस. तुझ्याशिवाय बाया यायच्या नाहीत. आणि तुझ्या आईला नक्की आण. तिची आधीची फुंक आहे आपल्याकडे. आणखी एक मिळाली तर तुलना करता येईल."

"ती गेली, सर."

"कुठे?"

"वारली."

फोनवर काहीतरी खडखडलं. "अच्छा. मग तिला 'संपर्कात नाही' मध्ये धरतो. बाकीच्यांना घेऊन ये."

मी बायांना घेऊन गेले. आधी तांड्यात, गावात सगळं सांगितलं, साहेबांचं फोनवरचं बोलणं शब्दाला शब्द. मग गेलो. तेच गोदाम, तसलंच स्टूल. बाया बाहेर गठाणींजवळ बसल्या. मी आत गेले.

"सर, शुक्रवारचं विचारा. आणि जे निघेल ते त्या बाईला इथंच, तिच्या तोंडावर सांगा. मालकाच्या आधी."

"असं चालत नाही. काही पद्धत असते."

"मग आज कोणी फुंकणार नाही."

साहेब दारात आले. बायांकडं पाहून मोठ्यानं म्हणाले, "चला, एकेक जण या. दोन मिनिटांचं काम आहे."

शांताकाकू बसल्या जागेवरूनच म्हणाली, "चुली आमी घरीच फुकून आलो, साहेब."

कोणी उठलं नाही. साहेब माझ्याकडं वळले. "तू शिकलेली आहेस. तुला तरी कळायला हवं होतं."

दुपारी त्यांनी यंत्र गाडीत ठेवलं. दुसऱ्या जिनिंगवर गेले असतील. तिथं भाषा सांगायला दुसरी कोणी मुलगी मिळाली असेल. ती कोण आहे, हे मी शोधते आहे.

शाळा साडेदहाची. दर गुरुवारी आठला मी जिनिंगच्या गेटवर असते. झाडझुडीला येणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवते. सुट्टीनं छाती भरत नाही, रुईनं भरते, घरी जा. तांड्यातल्या बाईला गोरबोलीत सांगते, गावातल्या बाईला तिच्या बोलीत. शांताकाकू आता येत नाही. काही जणी अजून माझ्याकडं न पाहता आत जातात.

मॅनेजर येऊन म्हणतो, "तू इथं कामाले नाही. कायले उभी राह्यते?"

मी हलत नाही. गेटवरून काढलं तर रस्त्यावर उभी राहीन. मला भाषा सांगायला बोलावलं होतं. ती मी सांगते आहे. जिनिंग चालू आहे तोवर सांगणार आहे.