इसबाचे हात आणि कानपिळी

मिलमध्ये लागल्यावर थोड्याच काळात मला इसब झालं. माझं काम सुताला खळ लावण्याच्या खात्यात. उकळती खळ, वाफ आणि सदा ओले हात. आधी बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या आल्या, मग कोपरांच्या आत, गुडघ्यांमागं, मानेवर. कातडी जाड, काळसर झाली. भेगा पडल्या, त्यांतून लस येऊ लागली.

दुखणं सोसता येतं, पडून राहता येतं. खाज बसू देत नाही आणि उभंही राहू देत नाही. जेवायला बसलो की डावा हात आपोआप मानेकडे जायचा. बायको म्हणायची, "खाजवू नका, नुसतं थोपटा." मी थोपटायचो, आणि थोपटता थोपटता नखं कधी लागली ते कळायचंच नाही. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, करंजाचं तेल झालं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पांढरं मलम दिलं आणि सांगितलं, "हे इसब आहे, महारोग नाही. कुणाला लागत नाही." पण पेठेतल्या नळावर मी गेलो की बायका आपल्या घागरी बाजूला ओढायच्या.

अशात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. वडील नव्हते, त्यामुळे सगळं माझ्यावरच. मुलगा सांगोल्याकडचा, घरी कोरडवाहू शेती आणि मेंढरं. वैशाखाचं ऊन, अंगात नवा कोरा सदरा, आत घामाच्या धारा. भटजींनी अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि मंगलाष्टकं सुरू झाली. दोन्ही हात वर, आणि कोपरांत जणू मुंग्यांचं वारूळ फुटलेलं. मी दात आवळले, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहिलो. कडवी संपता संपेनात. त्या चुळबुळीत सदऱ्याच्या बाह्या खाली सरकल्या आणि माझे हात साऱ्या मांडवाला दिसले.

पुढं कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा. मी पुढं झालो, तशी नवरदेवाची आत्या उठली.

"थांबा. त्या हातानं कान पिळू नगा. हे साधं दुखणं दिसत न्हाय."

आई कळवळून म्हणाली, "डागदरला दावलंय की ओ. इसब हाय ते, कुणाला लागत न्हाय."

"डागदरला काय जातंय म्हनायला?"

कुणीतरी म्हणालं, चुलतभाऊ पिळेल, वाद कशाला? चुलतभाऊ उठलासुद्धा. माझा हात अर्ध्यावर तसाच राहिला होता आणि त्याही क्षणी मनगट खाजत होतं. तेवढ्यात बहीण खाली मान घालूनच म्हणाली, "पिळंल तर माजा भाऊच पिळंल. न्हायतर ऱ्हाऊ द्या."

आत्या काही बोलणार, तोच नवरदेवानं मान वाकडी करून कान माझ्यापुढं केला. "या की पावणं. मेंढरास्नी खरूज झाली की मी हातानंच त्याल चोळतो. मला काय झालंय आजवर?"

मांडवभर हशा पिकला. मला मेंढराच्या रांगेत बसवलं होतं खरं, पण मीही हसलो. हात धोतराला पुसला आणि कान पिळला. आत्यानं तोंड फिरवलं. नवरदेवानं मानाचं पागोटं स्वतः माझ्या डोक्यावर ठेवलं.

पंगती बसल्या तसा मी मांडवामागं गेलो आणि मेढीला पाठ, मान घासू लागलो, म्हैस घासते तशी. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबवेना. बायको शोधत आली. आता बोलणी बसणार असं वाटलं. तिनं ओलं फडकं पिळून माझ्या मानेवर दाबून धरलं आणि म्हणाली, "आजच्या दिवस खाजवा."

त्यानंतर मी खातं बदलून देण्यासाठी जॉबरच्या, म्हणजे मिलमधल्या मुकादमाच्या, मागं लागलो. बऱ्याच नकारांनंतर कापडाच्या घड्या घालायच्या खात्यात जागा मिळाली. हात कोरडे राहू लागले, हळूहळू भेगा बुजल्या. मानेचं आणि कोपरांचं मात्र गेलं नाही. थंडी पडली की ते उसळतंच.

बहिणीचा संसार चांगला झाला. ती आत्या आमच्याकडे येते तेव्हा पाणी बायकोच्या हातचं घेते, माझ्या हातचं नाही. पूर्वी मला त्याचं फार लागायचं. आता वाईट वाटायला सुरुवात होते न होते, तोच मानेवर कुठंतरी खाज सुटते आणि मी उठून बाहेर जातो.