ओल कुठून येते

दवाखान्यात आमच्या बाकासमोरच्या भिंतीला ओल आली होती. वरून रंग मारलेला, तरी डाग उमटलेलाच. मी जन्मभर गवंडीकाम केलं. ओल दिसते खिडकीखाली आणि पाणी मुरत असतं गच्चीत, हे मला कुणी शिकवायला नको.

माझ्या बायकोच्या, सगुणाच्या, अंडाशयांवर गाठी निघाल्या. तुकडा तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाबा, हा नवा आजार नाही. चार वर्षांपूर्वीचा स्तनाचा कॅन्सरच इथं पसरलाय. औषध त्याचंच द्यायचं. पुरता जाणार नाही, पण आवरता येईल."

बाहेर मेहुणा कुजबुजला, "दाजी, आता घरी न्या तिला. कशाला हाल?"

"ओल आली म्हणून घर सोडणारा गवंडी दाखव मला," मी म्हणालो. "पाणी कुठून येतंय ते कळलं, म्हणजे अर्धं काम झालं."

सगुणानं ऐकलंच. "मी काय भिंत हाय व्हय?"

"भिंत अशी उलटून बोलत नसती."

ती हसली आणि माझ्याआधी उठून सलाईनच्या खोलीकडे चालू लागली.

तिच्यामागं निघताना मी त्या डागावरचा पोपडा नखानं काढून टाकला. झाकलेली ओल मला बघवत नाही. उघडी पडली, की तिच्याशी भांडता येतं.