मावशीची झाकणं

माझ्या मावशीला पंपांच्या कारखान्यात सगळे मावशीच म्हणतात, मॅनेजरसुद्धा. खरी भाची मी एकटी, आणि तिला तिच्या जागेवरून उठवायचं काम आलं तेही माझ्याच वाट्याला. सुट्या भागांची खोली सव्वीस वर्षं तिच्याकडे. मी त्याच कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात नवी. मॅनेजरांनी मला सांगून ठेवलं होतं, "सगळ्या भागांची यादी कॉम्प्युटरवर आली की त्या खोलीला माणूस लागणार नाही. मावशींना पॅकिंगला पाठवू." पॅकिंगला दिवसभर उभं राहावं लागतं, आणि मावशीचे गुडघे जिना बघूनच कुरकुरतात. मी घरी अवाक्षर काढलं नाही. आईला कळतं तर तिने मला ताटावरून उठवलं असतं.

यादी करताना मात्र मला चेव चढला. एकाच वस्तूला तीन-तीन नावं, कुठे नंबरच नाही. रबरी सीलचे, म्हणजे पंप गळू नये म्हणून आत बसवायच्या कड्यांचे, दोन डबे सापडले. माप एक, नंबर एक, रंग काळा. फरक इतकाच की एका डब्याला लाल दोरा बांधलेला. मावशी त्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. मी दोन्ही डबे एकात ओतले, दोरा टाकून दिला, यादीतली एक ओळ उडवली आणि स्वतःवरच खूश झाले.

तीन आठवड्यांत त्या डब्यातली सीलं बसवलेले एका मोठ्या लॉन्ड्रीचे सहा पंप गळायला लागले. मॅनेजर म्हणाले, "म्हणूनच यादी हवी. मावशींनी चुकीचा माल दिला. आता एक तारखेपासून पॅकिंग." परत आलेलं सील मावशीने दाबून पाहिलं, वास घेतला आणि मॅनेजर गेल्यावर मला विचारलं, "लाल दोरा कुठे गेला?"

मी सांगितलं.

"अगं, त्या डब्यातली सीलं गरम पाण्याची होती. आपल्याकडे नंबर मापावरून पडतो, रबर कुठलं ते नंबराला काय कळणार? साधं सील गरम पाण्यात फुगतं."

"मग लिहून का नाही ठेवलंस?" चूक माझी आणि वर आवाजही माझाच.

"ठेवलंय की. तू विचारलंस कुठे?"

तिने कपाटाच्या खालच्या कप्प्यातून पुठ्ठ्याच्या खोक्यांची झाकणं काढली. परत आलेल्या प्रत्येक वस्तूचं एक, मागे पेन्सिलीने चार शब्द. ‘बेकरी. आत पीठ गेलं.’ ‘शाळा. सुट्टीत पंप कोरडाच चालू राहिला.’ ‘तेच गृहस्थ. पुन्हा उलटं बसवलं.’ मी फरशीवर बसकण मारली ती संध्याकाळपर्यंत उठले नाही. इतकी मजा मला कॉलेजात कुठल्या पुस्तकाने दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांपुढे उभी राहून चूक माझी होती हे सांगितलं. मग आठ दिवस मागून घेतले आणि मावशीला शेजारी बसवून झाकणं कॉम्प्युटरवर चढवली. दर दहा खराब सीलांमधली चार गरम पाण्याच्या जागी चुकून बसवलेली साधी सीलं निघाली. शिवाय लॉन्ड्रीत योग्य सीलही दीड वर्षात जातं, हे दिसलं. म्हणजे सव्वा वर्ष झालं की आपणच फोन करून नवं पाठवायचं, गळायची वाट बघायची नाही. त्या लॉन्ड्रीला हे इतकं पटलं की तिने बाकीचे पंपही आमच्याकडे सोपवले.

मॅनेजर म्हणाले, "यादीत ‘का परत आलं’ असा रकाना घाला. पण रोज भरणार कोण?" मी मावशीकडे पाहिलं. तिने परत आलेलं एक सील नाकाशी धरलं होतं. मॅनेजरांनीही पाहिलं. पॅकिंगचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि एक तारखेला खोलीत हाताची खुर्ची आली.

खुर्चीत बसून मावशीने नव्या रकान्याची पहिली नोंद सांगितली, "लॉन्ड्री. सहा पंप."

‘चुकीचं सील,’ मी टाइप केलं.

"ते काय झालं ते झालं. का झालं?"

मी ते खोडून लिहिलं, ‘विचारलं नाही.’

"कोणी?" मावशी म्हणाली. "झाकणावर मी नेहमी लिहिते."

मी पुढे ‘भाचीने’ जोडलं. यादी उघडली की अजून तीच ओळ सगळ्यात वर दिसते.